अहिराणीतली अमेरिका

पडद्यावर एक निळी रेषा आवाजाबरोबर वरखाली होत होती. धुळ्याच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला मी अमेरिकेचा इतिहास शिकवते. यंदा मुलांना म्हटलं, नुसतं पाठ करू नका. गुलामगिरीबद्दल स्वतः शोधा आणि मोबाइलवर छोटी फिल्म करा. बहुतेकांनी इंटरनेटवरचे फोटो संगीतावर नाचवले. वैशालीने मात्र लिलावात मुलीपासून तोडलेल्या एका गुलाम बाईच्या आठवणी शोधून वाचल्या आणि त्या बाईला स्वतःचा आवाज दिला, तोही घरच्या अहिराणीत. "मनी पोर कोठे शे?" माझी पोर कुठे आहे, असं बाई त्या निळ्या रेषेतून विचारत होती.

वर्ग खदखदून हसला.

"यात हसण्यासारखं काय आहे?" मी ओरडले. वैशाली खाली बघत म्हणाली, "जाऊ द्या ना मॅडम."

इतक्या लांबचं दुःख मुलांना परकं वाटेल, अशी मला धास्ती होती. इथे ते घरच्या बोलीत आलं आणि म्हणूनच परकं झालं. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या आया असंच बोलतात. या बोलीची लाज त्यांना कुणी शिकवली, कितव्या इयत्तेत? चिडायचं तरी कोणावर?

सोमवारी तिने नवी फिल्म आणली. आता ती बाई कम्प्युटरच्या गुळगुळीत आवाजात, प्रमाण मराठीत रडत होती. टाळ्या पडल्या.

"आधीची फाइल ठेवली आहेस ना?" मी तिला बाहेर गाठून विचारलं.

"पुसली, मॅडम," ती म्हणाली. "ही लावली की कुणी हसत नाही."