पाचव्या प्रश्नाला सांगायचं!

वर्षानुवर्षं फळ्यापाशी उभी राहणारी माणसं एकदम बाकावर जाऊन बसली, की किस्से साचायला वेळ लागत नाही. आम्ही सगळे खाजगी शाळांतले मास्तर. आधी नोकरी, मग बी.एड.! त्यामुळे दर रविवारी वाशिमला मुक्त विद्यापीठाच्या वर्गात हजर.

*

बाकावर बसलं की वय उतरतं हो! पहिल्याच रविवारी मी, शिरपूरची कडक मॅडम, लेक्चर चालू असताना शकीलाबाजींच्या डब्यातला गाजर हलवा खाताना पकडले गेले.

"मॅडम, तुमच्या वर्गात असं कोणी केलं तर?" सरांनी विचारलं.

शकीलाबाजी माझ्याच शाळेतल्या. म्हणाल्या, "ह्या डबा जप्त करतात सर. मंग मधल्या सुट्टीत आमी दोघी खातो!"

*

सूक्ष्म अध्यापन म्हणजे आपल्यातल्या एकानं शिकवायचं, बाकीच्यांनी पाचवीची पोरं व्हायचं. केनवडच्या गजाननभाऊंची पाळी आली. मागच्या बाकावरचं 'पोरगं' फारच दंगा करत होतं. भाऊ रंगात आलेले, जाऊन त्याचा कानच पिळला!

ते होते भाऊंच्याच शाळेचे प्रभारी मुख्याध्यापक. बी.एड. त्यांचंही राहिलेलं. कान चोळत म्हणाले, "गजानन, उद्या सोमवार हाय. ध्यानात ठेव."

*

बी.एड.चा एक कडक नियम. पाठाचं नाव आपण सांगायचं नाही, पाच प्रश्न विचारत विचारत शेवटी पोरांच्या तोंडून काढायचं. आता सगळ्यांचे सराव पाठ गावातल्या एकाच सहावीवर. पोरं पार मुरलेली! शकीलाबाजी वर्गात शिरताच एक जण म्हणाला, "मॅडम, चार्ट त्या खिळ्याले टांगा. इकडं वाऱ्यानं पडते."

*

गजाननभाऊंच्या परीक्षेच्या पाठाला त्या पोरांनी घातच केला. भाऊंनी पहिला प्रश्न विचारला, "झाड कशाच्या आधारानं उभं राहते?" पहिल्या बाकावरची वैष्णवी ताडकन उठली. "मुळं! सर, आज मुळं हाय ना? परवाच्या मॅडमनंबी मुळंच घेतली!"

पुढचे चार प्रश्न हातातच राहिले. भाऊ नापास.

शाळेनं सांगून टाकलं, यंदा बी.एड. झालं नाही तर पुढच्या वर्षी येऊ नका. चहाच्या टपरीवर भाऊ म्हणाले, "मॅडम, घरी दोन पोरी शिकून राह्यल्या. आता काय करू?" एरवी मी त्यांची चेष्टा सोडत नाही. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

*

दुसऱ्या खेपेला भाऊ आदल्या दिवशीच वर्गात जाऊन पोरांना पटवून आले. माझा दुसऱ्या विषयाचा पाठ त्यांच्यानंतर होता, म्हणून मी दारातच उभी होते. बाहेरगावचे परीक्षक मागच्या बाकावर बसले.

पहिला प्रश्न. वर्ग चिडीचूप! दुसरा, तिसरा. तोंडावर बोट ठेवून सगळे बसलेले. भाऊंना घाम फुटला. चौथ्यालाही कोणी हूं की चूं करेना, तेव्हा परीक्षक उठून वैष्णवीपाशी आले.

"काहून वं बाई, बोलून नाही राह्यली? येत नाही का तुले?"

"येते ना सर! पण आताच सांगतलं तर आमच्या सरायची नोकरी जाईन!"

भाऊंनी खडू टेबलावर ठेवला. परीक्षक वैष्णवीकडे वाकले.

"मंग कवा सांगाचं ठरलं हाय?"

"पाचव्या प्रश्नाले."

परीक्षक परत जागेवर जाऊन बसले.

"विचारा सर, पाचवा विचारा."