नॉर्वेवाल्याची नजर

तव्यावर सुकी मिरची करपली की मला भिलाईतलं, सेक्टर दहामधलं आमचं क्वार्टर आठवतं. त्या रविवारी संध्याकाळी टीव्हीवर नॉर्वेच्या त्या उंच, सोनेरी केसांच्या स्ट्रायकरची मॅच होती. कित्येक सामन्यांत त्याचा गोल झाला नव्हता, आणि बाबा तर त्याच्यासाठी प्लांटमधली शिफ्ट बदलून घरी बसले होते. त्याचा शॉट पुन्हा खांबाला लागला तशी आई स्वयंपाकघरातून तरातरा बाहेर आली. "एवढं गोरंपान पोरगं, सारं जग पाहून राहिलं त्याले! नजर लागली, दुसरं काय?" तिने मीठ-मिरच्यांची मूठ टीव्हीवरून उतरवली आणि तापल्या तव्यावर टाकली. असा धूर उठला की आम्ही तिघंही डोळे मिटून खोकत सुटलो, आणि नेमका तेव्हाच टीव्ही गरजला, गोल! बाबा खोकत खोकतच नाचले. "अवं, ठसका लागला म्हंजे नजर नव्हतीच!" "मंग आत्ताच कावून झाला गोल?" आईने विचारलं. आज टीव्हीवर तोच स्ट्रायकर लंगडत मैदानाबाहेर गेला, तसा मी भिलाईला फोन लावला. फोन उचलला गेला. पलीकडे आई-बाबा दोघंही जोरजोरात खोकत होते.