ज्याच्यावर मी ओरडायचो

कल्याणच्या आमच्या कॉम्प्लेक्सला पाणी पुरवायची ती बिल्डरचीच कंपनी. नळ कोरडा पडला की मी आंघोळीआधीच त्यांच्या ऑफिसात जाऊन ओरडून यायचो. घरात माझा आवाज चढत नाही, त्यामुळे ही सोय मला बरी वाटायची. तक्रारीच्या खिडकीत एक चष्मेवाले गृहस्थ बसायचे. माझं संपेपर्यंत ते पेनाचं टोपण काढायचे, लावायचे आणि मग हळूच म्हणायचे, "वर कळवतो, साहेब."

पाणी पालिकेच्या ताब्यात जावं म्हणून रहिवाशांची सभा झाली. मी लांबलचक भाषण ठोकलं. मतदानाला पहिला हात त्या खिडकीतल्या चष्मेवाल्या गृहस्थांनीच वर केला. ते मागच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतात, हे मला तेव्हा कळलं.

"अहो, तुमची नोकरी जाईल की," मी म्हटलं.

"जाईल. पण वर कोण बसलंय, ते मला आजवर कळलेलं नाही. पालिकेत निदान आपल्या दारात मतं मागायला आलेला माणूस असतो."

माझ्या अख्ख्या भाषणात मला एवढंच सांगायचं होतं, पण ते राहून गेलेलं.

पुढे पालिकेने पाणी ताब्यात घेतलं आणि त्यांची नोकरी गेली. पाणी मात्र बारीकच यायचं. मी नगरसेवकाच्या ऑफिसात ओरडायला गेलो, तर ते चष्मेवाले गृहस्थ आधीच आत होते. त्यांचा आवाज जिन्यापर्यंत येत होता आणि नगरसेवक मान खाली घालून ऐकत होता. मी बाहेरच्या बाकावरच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी पाणी धो धो आलं. मी शेजाऱ्यांना सांगितलं, "काल आम्ही जाऊन झापून आलो."