मिस्टर ऑर्विलच्या मधमाश्या

ड्वेन स्टुडिओतल्या कन्सोलच्या टेबलाखाली पालथा पडून वायरी तपासत होता आणि मी त्याला टॉर्च धरून उभा होतो. तो जे शोधत होता ते माझ्या बॅकपॅकमध्ये होतं. त्याच्या डोक्यापासून फार तर चार फुटांवर.

"जरा डावीकडे धर," तो म्हणाला. मी धरली.

ही गोष्ट २००४ सालची. प्लेनोतल्या टेलिकॉम कंपनीने तीन वर्षांपूर्वी मला नारळ दिला होता. बरेच महिने घरी बसून काढल्यावर डॅलसजवळच्या एका छोट्या रेकॉर्डिंग स्टुडिओत चिकटलो. रेकॉर्डिंग आता कॉम्प्युटरवर होत होतं, त्यांना कॉम्प्युटरवाला हवा होता. गाण्यातलं मला कळतं ते बायकोमुळे. मेधा रोज सकाळी रियाज करते, मी चहा करता करता ऐकतो. एवढंच माझं संगीतशिक्षण.

त्या वर्षी आमच्याकडे मिस्टर ऑर्विल आले. त्र्याहत्तर वर्षांचे कंट्री, म्हणजे तिकडच्या गावरान ढंगाच्या गाण्यांचे, गायक. एके काळी त्यांची गाणी टेक्ससमधल्या प्रत्येक ट्रकमध्ये वाजायची म्हणे. तिकडे वडीलधाऱ्याला पहिल्या नावाआधी मिस्टर लावतात, आपल्याकडच्या बापूसाहेबसारखं. बारा वर्षांनी ते नवा अल्बम करत होते आणि हा शेवटचा, असं स्वतःच सांगत होते. अट एकच. "माझ्या आवाजाला मशीन लागलं तर मी घरी जाईन." मशीन म्हणजे बेसूर स्वर सुरात आणणारं सॉफ्टवेअर. तेव्हा ते सगळीकडे सर्रास वापरायला लागले होते.

अडचण अशी की मिस्टर ऑर्विल सुरात नव्हते. आयुष्यभर स्टेजवरच्या स्पीकरांपुढे उभं राहून डावा कान जवळजवळ गेला होता. कानातलं यंत्र हेडफोनखाली शिट्टी मारायचं, म्हणून ते काढून ठेवायचे. गाणं सुरू व्हायचं झकास आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत सूर हळूहळू खाली घसरायचा. त्यांना पत्ता नसायचा. दोन दिवस हेच चाललं. प्रोड्यूसर कॅरल, म्हणजे अल्बमची कर्तीधर्ती, मला बाजूला घेऊन म्हणाली की उद्यापर्यंत जमलं नाही तर तिला रेकॉर्ड कंपनीला फोन करावा लागेल. मग अल्बम रद्द.

मी घरी गेलो. सकाळी मेधाची इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी उचलून बॅकपॅकमध्ये टाकली. "कुठे नेतोस?" तिने विचारलं. "आवाज खरखरतोय, दुरुस्त करून आणतो," मी म्हणालो. आवाज अजिबात खरखरत नव्हता.

आता थोडं धंद्यातलं सांगतो. गायकाच्या हेडफोनमध्ये जे जातं ते वेगळं असतं आणि काचेपलीकडच्या कंट्रोल रूममध्ये ऐकू येतं ते वेगळं. हेडफोनचं काम माझ्याकडे. मी पेटी गाण्याच्या पट्टीत लावली आणि तिची वायर गुपचूप फक्त मिस्टर ऑर्विलच्या कानांकडे सोडली.

त्यांनी हेडफोन घातले, थांबले, भुवया वर केल्या. मी आत जाऊन विचारलं, ठीक आहे ना?

"कानात मधमाश्या आहेत," ते म्हणाले.

"काढू का?"

"नको. त्यांना गाणं येतंय." मग माझा दंड धरून हळूच म्हणाले, "हे आपल्या दोघांतच ठेव."

त्या दिवशी तीन गाणी झाली. सूर असा लागला की कॅरलने पेन खाली ठेवलं. पुढचे पाच दिवस मिस्टर ऑर्विल आल्या आल्या मला डोळा मारून विचारायचे, "आल्या का रे बाबा तुझ्या मधमाश्या?" म्हणजे इंग्रजीत जे काय विचारायचे त्याचा भाव तोच. कमी ऐकू येतं म्हणून आवाज वाढव म्हणायचे. मी वाढवायचो. इथेच माती खाल्ली.

हेडफोन फार मोठ्याने वाजला की आवाज बाहेर गळतो आणि समोरच्या माइकमध्ये शिरतो. याला ब्लीड म्हणतात. पहिल्या आठवड्यात शिकवतात हे. गिटार, ड्रम सगळं चालू असताना ते कळलं नाही. अल्बम गाऊन पुरा झाला, मिस्टर ऑर्विल घरी गेले, आणि मिक्सिंगच्या, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवायच्या, पहिल्याच दिवशी कॅरलने बाकी सगळं बंद करून नुसता गायकाचा आवाज ऐकला. मागे बारीक, सतत, घूं.

"हम आहे," ती म्हणाली. हम म्हणजे सदोष वायरिंगमधून येणारी विजेची गुणगुण. "ड्वेनला बोलाव."

स्टुडिओचं सगळं वायरिंग ड्वेनने केलं होतं, अकरा वर्षांपूर्वी, स्वतःच्या हाताने. बोलायला कमी, कामाला चोख. त्याने आधी फ्रीज बंद केला. आत कोणाचं तरी चिकन होतं, ते गेलं. मग कॉफी मशीन, मग दारावरची निऑनची पाटी. रेकॉर्ड झालेला आवाज आता फ्रीज बंद करून थोडाच जाणार होता, पण पुन्हा गाऊन घ्यायची वेळ आली तर खोली शांत हवी, असं कॅरलचं म्हणणं. ड्वेनने निम्म्या वायरी उपटल्या. मी टॉर्च धरली.

तिसऱ्या दिवशी ड्वेन गिटार सुरात लावायचा ट्यूनर घेऊन आला. रेकॉर्डिंग त्यात सोडलं आणि काटा बघत बसला.

"या गाण्यात हम जी स्वरात आहे," तो म्हणाला. "पुढच्या गाण्यात डीमध्ये. आपली वीज कायम एकाच स्वरात गुणगुणते, आणि तो हा नव्हे. विजेला गाण्याची पट्टी कशी कळेल?"

हे त्याने कॅरललाही सांगितलं. कॅरल तीन दिवस झोपली नव्हती. "म्हणजे तुझ्या वायरी गाणं शिकल्या?" ती म्हणाली. मग मालकाशी फोनवर बोलली, आणि दुपारी ड्वेनला या कामावरून काढलं. त्याने ट्यूनर खिशात टाकला, माझ्याकडे एकदा पाहिलं, थोडं जास्त वेळ, आणि गेला.

मी बोललो नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की म्हाताऱ्याला दिलेला शब्द पाळला. ते खरं नाही. एकदा नारळ मिळालेला माणूस दुसऱ्यांदा हात पुढे करत नाही, एवढंच ते होतं.

दोन दिवसांनी मिस्टर ऑर्विल ऐकायला आले. या वेळी कानात यंत्र होतं. कॅरलने त्यांना बसवलं आणि जरा चाचरत सांगितलं की आवाजात एक दोष आला आहे, कदाचित सगळं पुन्हा गावं लागेल. नुसता आवाज लावला. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला.

"अरे, मधमाश्या!" ते म्हणाले. "मॅडम, या पोराने मला सुरात ठेवायला आणल्या होत्या. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "आपल्या दोघांत म्हणाला होतात."

"गाऊन होईपर्यंत," ते म्हणाले. "नंतर कशाला लपवायचं?"

कॅरल माझ्याकडे वळली. मी बॅकपॅकमधून पेटी काढून कन्सोलवर ठेवली आणि चालू केली. घूं. तिने पेटी हातात घेऊन बंद केली. मग म्हणाली, "फ्रीजमधलं चिकन माझं होतं."

आवाज आणि मधमाश्या एकाच सुरात असल्यामुळे त्या वेगळ्या काढणं अशक्य होतं. मिस्टर ऑर्विल म्हणाले, राहू द्या, पुन्हा गायची माझी तयारी नाही. राहिल्या. अल्बम निघाला. एका वर्तमानपत्राने आवाजातल्या जुन्या, उबदार घुमाऱ्याचं कौतुक केलं. माझी नोकरीही राहिली.

ड्वेनला मालकाने परत बोलावलं, तो आला नाही. एका चर्चच्या साउंडचं काम त्याने धरलं होतं. मला नंबर फिरवायला चार दिवस लागले. सगळं सांगितलं.

"जी आणि डी," तो म्हणाला. "बरोबर होतं ना माझं?"

"बरोबर होतं."

"मला टॉर्चवरूनच कळलं होतं. तुझा हात हलत होता." आणि त्याने फोन ठेवला.

सीडीच्या पुस्तिकेत त्याचं नाव घाला, असं मी कॅरलला सांगितलं. तिने त्याला विचारलं. तो नको म्हणाला. ती जागा रिकामी राहणार म्हणून मिस्टर ऑर्विलनी, पेटी कोणाची ते मला विचारून, तिथे एक ओळ घालायला लावली.

सीडी घरी आली तेव्हा मेधाने चष्मा लावून पुस्तिका वाचायला घेतली. बारीक अक्षरातली शेवटची ओळ तिने मोठ्याने वाचली. मधमाश्या: मिसेस मेधा.

"खरखरत होती ना रे पेटी?" ती म्हणाली.

आमच्या धंद्यात नियम आहे. हम आला की आधी फ्रीज बंद करा, मग वायरी तपासा. मी नव्या पोरांना एक पायरी आधीची शिकवतो: अगोदर स्वतःची बॅग उघडून बघा. आणि टॉर्च दुसऱ्याला धरायला द्या.