सेट करून देतो

आमच्या ह्यांना इंग्रजी शब्द एकच आवडतो. सेट. बास! तेवढ्यावर माणसानं पिंपळे गुरवात संसार केला. चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये हे सेटर आहेत. म्हणजे पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये साचा बसवायचा, बरोबर जागेवर आणायचा आणि मग मशीन ऑपरेटरच्या हवाली करायची. तिथं सगळे 'बबन सेटर' म्हणूनच ओळखतात.

घरी आले तरी तेच. दही लागलं का, असं कधी विचारणार नाहीत. "दही सेट झालं का गं?" टीव्ही बिघडला की चापट मारून सेट. आमच्या मिनलला ताथवड्याच्या कॉलेजात ॲडमिशन मिळाली, तर गावाकडं फोन करून काय सांगावं? "पोरगी सेट झाली!" दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन, जावई काय करतो म्हणून. आमचं भांडण झालं की स्वतः चहा करून आणायचे आणि विचारायचे, "झालं का सेट?" कसली सेट होतेय मी! पण हसू यायचंच.

त्याच नणंदेचा सुजित कामासाठी आमच्याकडं आला, तेव्हाही हे म्हणाले, "ताईचा मुलगा आहे. सेट करून देऊ." दिलं की. कामाला लावलं, शेजारी उभं करून साचा बसवायला शिकवलं. लग्न होईपर्यंत तो आमच्याच घरात जेवला. दोन डबे भरायचे मी, एक मामाचा, एक भाच्याचा. लग्नानंतर तो आणि स्वप्नाली मागच्या गल्लीत राहायला गेले.

यंदा दसऱ्याआधी वर्कशॉपमध्ये मोठी प्रेस आली. मालक नानासाहेब ह्यांना म्हणाले होते, "बबनराव, ही तुमच्याच हाती देणार." हे घरी आले ते फुलूनच. वर्कशॉपची रीत अशी, की खंडेनवमीला नव्या मशीनच्या पूजेला जो सेटर जोडीनं बसतो, ती मशीन त्याची. मोठ्या प्रेसवाला म्हणजे हेड सेटर. एवढ्या वर्षांत ह्यांनी हीच एक गोष्ट मागितली होती.

खंडेनवमीच्या सकाळी स्वप्नाली आली. "मामी, तुमची नथ द्याल का? आज सगळ्या नटून येणार." मी स्वतःच घालणार होते, पण म्हटलं, जाऊ दे, लेकीसारखी आहे. दाबाची नथ ती, तिच्या नाकावर ठरेना. हे लगेच बारीक पक्कड घेऊन बसले. "आण इकडं, सेट करून देतो." नथ पार डोळ्याजवळ नेली आणि तार वाकवून दिली. "आता मान हलवून बघ." तिनं मान हलवली. पडली नाही. मग ती ह्यांच्या पाया पडली. हे म्हणाले, "दोघं चांगले सेट व्हा."

वर्कशॉपमध्ये नव्या प्रेसला झेंडूच्या माळा घातलेल्या, पुढं दोन पाट मांडलेले. ह्यांनी टोपी नीट केली, मी पदर सावरला, आम्ही पुढं झालो. तेवढ्यात नानासाहेब म्हणाले, "सुजित, स्वप्नाली, या, बसा."

मला वाटलं, चुकले असतील. तर त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बबनराव, डोळ्यांना जपा आता. मोतीबिंदूचं सुजितनं सांगितलं म्हणून बरं झालं, नाहीतर ह्या प्रेसवर हात गेला असता तुमचा."

मोतीबिंदू! मलाच पत्ता नाही! मागाहून कळलं, चिंचवडच्या डॉक्टरकडं हे सुजितला घेऊन गेले होते. मी घाबरेन म्हणून मला सांगितलं नाही, त्याला मात्र विश्वासानं नेलं. दिवाळीनंतर छोटं ऑपरेशन, मग स्वच्छ दिसेल, असं डॉक्टर म्हणाले होते. नेमकं तेवढंच सुजितनं मालकाला सांगितलं नाही.

सुजित मान खाली घालून सुपारीवर पाणी सोडत होता. स्वप्नाली आरती ओवाळत होती, वाकत होती, उठत होती. नथ जागची हलली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जाऊन ओढून घ्यावी वाटली. ह्यांनी माझं मनगट धरून ठेवलं. पेढे वाटायला सुजितच आला. ह्यांनी पेढा घेतला.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. मेल्याला ताटात वाढलं, घरात निजवलं, आणि हे फळ! ऑपरेशन करून या आणि मालकाच्या तोंडावर सगळं सांगा, म्हटलं. पक्कड सकाळपासून टेबलावर तशीच होती, ती उचलून ह्यांनी ड्रॉवरमध्ये टाकली.

मग म्हणाले, "अगं, सकाळी पाया पडली, तेव्हा तिला माहीत होतं?"

"माहीत असल्याशिवाय नथ कशाला मागेल?" मी म्हटलं.

नथ अजून तिच्याकडंच आहे. मी मागायला जाणार नाही.

परवा रात्री ह्यांनी दह्याच्या भांड्याचं झाकण उघडून विचारलं, "दही लागलं का गं?" साधं, चारचौघांसारखं. मला रडूच आलं.