सूर्यास्ताआधीचं जेवण

सरकारने कापसाची खरेदी स्वतःच्या हातात घेतली आणि शिरपूरच्या सुरेशचंदचा कापसाचा धंदा बसत चालला. मेहुणा कॅनडाला बोलावत होता, नोकरीही पक्की होती. पण सुरेशचंदचा जीव टांगणीला लागला होता तो बायकोपायी. लाडकुंवर कडक धर्म पाळणारी; सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही तोंडात घेत नसे. आणि तिथे म्हणे हिवाळ्यात पाचच्या आतच अंधार!

दिवेलागणीनंतर दुकानातून येऊन तो नेहमीसारखा ताटावर बसला आणि म्हणाला, “कॅनडाचं नकोच. मी कामावरून येईपर्यंत तुझी वेळ टळलेली असेल. परक्या देशात रोज एकटीने जेवशील? माझ्याने नाही बघवणार.”

लाडकुंवरने त्याला गरम पोळी वाढली.

“लग्न होऊन आले तेव्हापासून इथे मी कोणाबरोबर जेवते, ते कधी बघितलंत?”