बांद्याच्या नवऱ्याची गजाल

बायको ओले काजू सोलायला बसली की चीक लागू नये म्हणून आधी हातांना खोबरेल चोळते. त्या वासाने मी थेट मालवणजवळच्या काजू कारखान्यात पोचतो. साल दोन हजार दोन असेल. मी तिथे सुपरवायझर होतो. म्हणजे 'हातमोजे घाला' असं मी दिवसभर सांगायचं आणि बायकांनी हातांना खोबरेल चोळत दिवसभर हसायचं.

शेवंतीमावशी माझ्या टेबलाशेजारच्या यंत्रावर काजू फोडायची आणि मला गजाली सांगायची. त्या दिवशी बांदा गावातल्या एका लग्नाची गजाल रंगली होती. वऱ्हाड आलं, पण नवरदेव काही केल्या बसमधून उतरेना. मी पुढे सरसावून ऐकत होतो, इतक्यात पातं तिच्या बोटात घुसलं. तिने बोट पदरात लपवलं.

"लिवू नको रे झिला. शेट माका हयसून उठयतलो."

"मावशी, खोल लागलंय."

"मगे गजाल आयकत कोण होतो, तांय लिव."

अपघाताच्या वहीत मी दोन्ही लिहिलं. पात्यावर जाळी बसली, मला बोलणी बसली. टाके निघाल्यावर शेटनी मावशीला यंत्रावरून उठवून पलीकडच्या खोलीत काजूगर निवडायला बसवलं. फेरीच्या निमित्ताने मी तिच्या दारात रेंगाळायचो, पण मला बघितलं की ती गप्प व्हायची.

वहीत लिहिलं ते बरोबरच होतं, आजही तेच लिहीन. पण तो नवरदेव शेवटी उतरला की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.